नणंदेचं खरं ठरलं

हेलन गायकवाड नगरच्या एका शाळेत शिकवायची. लग्नात पन्नास किलो असलेली हेलन पन्नाशीत ब्याऐंशीवर गेली. तिची नणंद नॅन्सी निवृत्त नर्स होती. नाताळच्या जेवणात, सगळ्यांसमोर ती म्हणाली, "हेलन, वजन आवर. पाळी गेल्यावर अंगावरची चरबी गर्भाशयाच्या कॅन्सरचा धोका वाढवते."

"ताई, माझ्या घरात बसून माझं मरण चिंतू नका."

त्या दिवसापासून हेलनने नणंदेशी अबोला धरला.

तीन वर्षांनी, पाळी कधीच बंद झालेली असताना, हेलनला रक्तस्राव झाला. नॅन्सीचं बोलणं आठवलं म्हणूनच ती दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे गेली. कॅन्सर निघाला, पण गर्भाशयाबाहेर पसरला नव्हता. पिशवी काढली. "वजन हे एकच कारण नसतं, पण धोका त्याने वाढतोच," डॉक्टर म्हणाले.

नॅन्सी दवाखान्यात भेटायला आली, तेव्हा हेलनने तोंड भिंतीकडे फिरवलं. "तुमचं खरं झालं. आता जा."

नॅन्सी निघून गेली. नवरा शांतवन चिडला. "तिच्यामुळे तू वेळेत आलीस."

"माहीत आहे," हेलन म्हणाली. "म्हणूनच तिचं तोंड बघवत नाही."