बिब्ब्याचा वाटा

महिपतच्या कारवडीच्या मागच्या फऱ्यावर बिब्ब्याच्या तीन काळ्या फुल्या होत्या. त्या कोणी काढल्या, हे गोठ्यातल्या तिघांपैकी दोघांना ठाऊक होते. महिपतला, कारण बोलावणे त्यानेच धाडले होते. आणि पंचफुलाला, कारण हात तिचा होता. तिसरे डॉक्टर रविकांत. ते मेलेल्या कारवडीशेजारी उकिडवे बसून सुजेवर बोटे दाबत होते, आणि दर दाबासरशी कातडीखालून, वाळल्या पाचोळ्यावर पाय पडावा तसा, चरचर आवाज येत होता.

"फऱ्या रोगच आहे. तुमचा एकटांग्या," ते म्हणाले. "आणि हे काळं काय?"

"बिब्बा हाय, सार. आयतवारी वढ्यात घसरली, पाय मुरगळला. मंग लावला."

कोणी लावला ते महिपतने सांगितले नाही, डॉक्टरांनी विचारले नाही. पंचफुलाने चुन्याची बादली या हातातून त्या हातात घेतली.

आदिलाबाद जिल्ह्यात गुडीहत्नूरजवळच्या त्या मराठी बोलणाऱ्या गावी जनावरांच्या दवाखान्यात ती चौदा वर्षे अटेंडर होती. झाडलोट करावी, दोर धरावा, सुया उकळाव्यात, एवढेच तिचे काम. उपचार करण्याची तिला परवानगी नव्हती. पण तिचे वडील रामाजी यांचा जन्म लोकांच्या गोठ्यांत गेला होता, आणि त्यांनी लेकीला बिब्बा शिकवला होता: आपल्या हाताला आधी तेल चोपडायचे, बिब्बा दाभणाला टोचून निखाऱ्यावर धरायचा, तेल सुटले की मुरगळल्या जागी फुली ओढायची. रामाजींना ज्या घरांनी पाणी वरून ओतून दिले, त्याच घरांतून आता सुटीच्या दिवशी 'पंचफुलाबाईले बोलवा' असा निरोप येई आणि तिच्यासमोर कपबशीत चहा ठेवला जाई. मुलगी मैत्री उटनूरला शिक्षिका झाली त्याचाही आनंद तिला होताच. पण त्या कपबशीचा आनंद निराळा होता, आणि तो तिने कोणाला बोलून दाखवला नव्हता.

कारवड खोल पुरून, वर चुना टाकून ते दोघे दवाखान्यात परतले. पंचफुला डॉक्टरांच्या हातांवर पाणी घालू लागली. तेलुगू मुलखातून आलेले डॉक्टर चार वर्षांत चांगली मराठी शिकले होते, आणि तिला अम्मा म्हणत.

"अम्मा, त्या बिब्ब्याची मला भीती वाटते," ते म्हणाले. "फऱ्याचा जंतू मातीत असतो. गवताबरोबर पोटात जातो, तिथून मांसात जाऊन गुपचूप पडून राहतो. धडधाकट मांस त्याला उठू देत नाही. पाय मुरगळला की मांस ठेचतं, तिथलं रक्त अडतं, तेव्हा तो जागा होतो आणि विष सोडतो. त्यात वरून बिब्बा. तो कातडी जाळतो, सूज वाढवतो. सूज आली की शरीर आपली फौज धाडतं, आणि त्या फौजेजवळही मांस विरघळवणारे रस असतात. एकेकटं आलं असतं तर जनावरानं सोसलं असतं. सगळी एका जागी जमली, की एका दिवसात फरा सडतो."

पंचफुलाच्या तांब्यातले पाणी संपले होते, तरी तो तिरपाच होता.

"गावात आणखी कोणाचं जनावर घसरलं का? कोणाला बिब्बा लावला का? सुरुवातीला पेनिसिलिन दिलं तर वाचू शकतं. दिवस गेला, तर नाही."

"मले नाही माहीत, सार," ती म्हणाली.

ते खोटे होते. त्याच आयतवारी, त्याच ओढ्यात जयवंताबाईचा गोऱ्हाही घसरला होता, आणि महिपतच्या गोठ्यातून ती तशीच, तेलकट हातांनी, तिकडे गेली होती.

दुपारपर्यंत तिने दवाखान्याची फरशी दोनदा पुसली. खरे सांगितले तर नोकरी जाईल, ही भीती होतीच. त्या भीतीखाली दुसरी भीती होती, आणि तिच्याकडे पंचफुला पाहू धजत नव्हती. चौदा वर्षांत किती फऱ्यांवर तिने फुल्या ओढल्या होत्या! बहुतेक जनावरे चालू लागली. काही दोन-तीन दिवसांत मेली, तेव्हा लोक म्हणाले, फऱ्या आला. तीही तेच म्हणाली होती. फऱ्या येतो पावसाळ्यात. त्याचा आणि बिब्ब्याचा काय संबंध? तिने फडके पिळले आणि जयवंताबाईचे घर गाठले.

"या, डॉक्टरीणबाई!" जयवंताबाई सूप बाजूला ठेवत म्हणाली. "काऊन भर दुपारी?"

"गोऱ्हा कसा हाय?"

"सकाळपासून कडबा नुसता हुंगून राह्यला. नखरे करते, माह्या सुनेवानी."

पंचफुलाने फऱ्यावर तळहात ठेवला. फुल्यांभोवतीचे मांस तव्यासारखे तापले होते. तिने हलकेच दाबले. गोऱ्ह्याने लाथ झाडली. चरचर ऐकू आली नाही. की आली, आणि कानांतल्या ठोक्यांमुळे कळली नाही? पुन्हा दाबण्याचा तिला धीर झाला नाही.

"याले फऱ्याचा टीका टोचला होता ना, उन्हाळ्यात?"

"कायचा टीका? तुमच्या सारची गाडी आली, तवा म्या याले कडब्यामागं लपवला. सुई दिली का जनावर दोन दिवस मान टाकते." मग जयवंताबाईचा सूर बदलला. "काऊन हो, तोंड काऊन उतरलं तुमचं?"

पंचफुला तडक निघाली. पन्नाशी उलटलेली ती बाई रस्त्यातून पळताना गावाने प्रथमच पाहिली.

दवाखान्यात डॉक्टरांनी नुकताच जेवणाचा डबा उघडला होता.

"सार, मी खोटं बोलली. बिब्बा मीच लावला, महिपतभाऊच्या कारवडीले. अन् जयवंताबाईच्या गोऱ्ह्यालेबी. त्याचा फरा तापून राह्यला."

डॉक्टरांनी डबा लावला, पिशवीत औषधाच्या बाटल्या भरल्या. दारात पोचल्यावर विचारले, "सकाळीच माहीत होतं?"

"हो, सार."

"सकाळीच," ते म्हणाले, आणि त्या दिवशी तिला एवढेच बोलणे बसले.

गोठ्यात त्यांनी सुजेच्या कडेने जांभळ्या औषधाची रेघ ओढली, मोठ्या मात्रेत इंजेक्शन दिले आणि सांगितले, सूज रेघेबाहेर जाते का ते पाहत बसा. पंचफुला बसली. धीर एकवटून तिने विचारले, "सार, त्या कारवडीच्या मरणात माहा वाटा किती?"

डॉक्टरांनी सुई पुसून पिशवीत ठेवली. "वाटा काढता येत नाही, अम्मा. मांस आधीच ठेचलं होतं. तुमचा बिब्बा आत किती उतरला, मला माहीत नाही. कदाचित त्याच्याशिवायही मेली असती. कदाचित नसती."

त्यांनी 'सगळा तुमचाच' म्हटले असते, तर ती रडून मोकळी झाली असती. 'काहीच नाही' म्हटले असते, तर झोपली असती. या उत्तराला कुठे धरावे तेच तिला कळेना.

दिवस मावळेपर्यंत सूज रेघेबाहेर दोन बोटे सरकली, आणि थांबली. पाचव्या दिवशी गोऱ्ह्याने कडब्याला तोंड लावले. फुल्यांच्या जागची कातडी मात्र गळून पडली. पंचफुला महिपतकडे गेली आणि डॉक्टर म्हणाले ते तिने जसेच्या तसे सांगितले. त्याने ऐकून घेतले. "बरं," तो म्हणाला, "आता आमच्या गोठ्यात येऊ नका." चहा झाला नाही.

पंधरवड्याने डॉक्टर मीटिंगला आदिलाबादला गेले असताना जयवंताबाई दवाखान्याच्या दारात उभी राहिली.

"गोऱ्हा मस्त खाऊन राह्यला. पण पाय अजून लंगडते. एखादी फुली ओढून द्या ना, बाई. दुसऱ्या अंगाले ओढा."

पंचफुलाला वाटले, ही थट्टा करते आहे. "अवो, त्याच्यानंच मरत होता ना तो!"

"तो तर फऱ्यानं मरत होता. फऱ्याचा अन् बिब्ब्याचा काय संबंध? तुमाले जमत नाही तर राहू द्या. पल्याडच्या गावचा अमृतराव येतो म्हणे दुपारी बिब्बा लावाले."

पंचफुलाने दवाखान्याला कुलूप लावले आणि ती जयवंताबाईच्या पुढे चालू लागली. गोठ्याच्या उंबऱ्यात घमेल्यात निखारे फुललेले होते. तिने रांजणातून तांब्या भरला आणि त्यांच्यावर ओतला.

"आता वं! काऊन विझवला?" राखेच्या धुरात जयवंताबाई ओरडली.

"बसा. ऐका." पंचफुला म्हणाली. डॉक्टरांनी सांगितलेले सगळे आपल्याला नीट सांगता येईल, असे तिला वाटत नव्हते. तरी मातीपासून सुरुवात करून ती सांगू लागली. आणि सांगताना गोऱ्ह्याचा दोर तिने मुठीत धरला होता, नजर अमृतराव येणार होता त्या पल्याडच्या रस्त्यावर होती.