सरकारी गाडीचा पितृपंधरवडा

सत्तरीच्या दशकातली गोष्ट. मी तेव्हा कुंडलच्या पुढच्या एका गावात सरकारी दवाखान्यात नर्स होते. मालक लष्करात, माहेर माधवनगरला, तिथं म्हातारी आई एकटी. तिच्याजवळ बदली व्हावी म्हणून केलेला माझा अर्ज पंचायत समितीच्या सभापतींकडं शिफारशीसाठी पडून होता. हे आधीच सांगून टाकते. नंतर सांगितलं तर बाईनं लपवलं म्हणाल.

दवाखान्याला रुग्णांसाठी जीप मिळाली ती नेमकी पितृपंधरवड्याच्या पहिल्या दिवशी. पांढरीशुभ्र, आत स्ट्रेचर. मी तर हरखून गेले. वरच्या मळ्यातली एक पोरसवदा सून नवव्या महिन्यात होती आणि तिच्या पोटात मूल आडवं होतं. मी तपासलं होतं, डॉक्टरांनीही तपासलं होतं. आडवं मूल आपणहून बाहेर येत नाही, पोट फाडून काढावं लागतं, आणि ते सांगलीशिवाय होणार नव्हतं. कळा लागल्या की तिला लगोलग तिथं पोचवायचं, एवढाच मार्ग. गाडी आली तशी मी तिच्या सासूला निरोप धाडला, आता भिऊ नका.

दुसऱ्या दिवशी बघते तर जीपवर ताडपत्री. सभापती स्वतः येऊन चावी घेऊन गेले होते. पितरांत नवी गाडी रस्त्यावर काढायची नाही. घटस्थापनेला पूजा होईल, नारळ फुटेल, मगच चाक फिरेल.

ते पुन्हा दवाखान्यात आले तेव्हा मी तोंडावर विचारलं, "आवं साहेब, गाडी सरकारची हाय. सरकारला कुठनं आलं पितर? सरकारचा बाप कवा मेला?"

ते मिशीतल्या मिशीत हसले. "सरकार म्हंजे कोण, बाई? आमीच की. आन् आमचं बाप मेल्यात."

भोवतालची चार माणसं खो खो हसली. मी म्हटलं, घरी काय पाळायचं ते पाळा. तुमच्या ट्रॅक्टरला पाळा. ही गाडी गावातल्या जैनांची हाय, मुसलमानांची हाय, सगळ्यांची हाय. त्यांनी तुमच्या पितरांपायी का खोळंबायचं? आणि वरच्या मळ्यातली ती पोर, तिचं काय? यावर सभापती म्हणाले, देव हाय की.

डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. "सिस्टर, लोकांच्या भावना असतात. पंधरा दिवसांचा तर प्रश्न आहे."

लोकांच्या भावना! लोकांना विचारलं होतं कुणी, डोंबल? वर्तमानपत्रात धर्मनिरपेक्ष राज्य, धर्मनिरपेक्ष राज्य म्हणून रकानेच्या रकाने भरून यायचे, आणि आमच्याकडं ते राज्य ताडपत्रीखाली झाकलेलं. शिकल्यासवरल्या माणसानं ही असली गुळमुळीत भाषा बोलावी, याची मला सभापतींपेक्षा जास्त किळस आली. सभापती निदान उघड तरी बोलत होते.

दशमीच्या सकाळी ती पोर बैलगाडीतून आली. पाणी गेलेलं, कळा पहाटेपासूनच्या. मी पोटाला नळी लावली. बाळाचे ठोके चांगले चालू होते. मी तशीच धावत मागं डॉक्टरांच्या घरी गेले. त्यांच्याकडं नेमका वडिलांचा म्हाळ. डॉक्टर पाटावरून उठून दारापर्यंत आले, सोवळं नेसलेले, उंबऱ्याच्या आतच उभे. "चावी सभापतींच्या खिशात आहे, मी काय करणार?" सभापती आष्ट्याला पाहुण्यांच्या म्हाळाला गेलेले, गावातली दुसरी चारचाकी ती त्यांचीच, तीही त्यांच्यासंगं गेलेली. निदान येऊन पोरीला बघा म्हटलं, तर म्हणाले, "पिंड व्हायचेत अजून." शी! आतून वड्यांचा वास येत होता. आजही कुणाच्या म्हाळाला मला तो वास सहन होत नाही.

दवाखान्याचा ड्रायव्हर मिल्ट्रीतून परत आलेला गडी. त्यानं एव्हाना ताडपत्री ओढून काढली होती. म्हणाला, "नर्सबाई, चावी गेली खड्ड्यात. फ्रंटवर काय चाव्या हुडकत बसायचो व्हय आमी? तार जोडतो, गाडी चालू हुती. फकस्त तुमी दोन वळी लिवून द्या, मला गाडी काढाय सांगितली म्हणून. माजी नोकरी नवी हाय."

मागणं रास्त होतं. मी कागद घेतला. पेनही उघडलं. आणि मला सभापतींच्या टेबलावरचा माझा अर्ज दिसला. खोटं कशाला बोलू, लख्ख दिसला. सभापतींशी मी तोंड भरून भांडले होते, पण भांडण हसण्यावारी गेलं होतं. सही करून त्यांची गाडी काढणं हसण्यावारी गेलं नसतं. मी पेन मिटलं आणि म्हणाले, बैलं सोडू नका, आहे तीच गाडी फाट्यावर घ्या, तिथनं एसटी धरू. ड्रायव्हरनं ताडपत्री परत घातली. माझी बदली पुढं झाली. आईजवळ राहिले. त्यानंतर सुखाचा घास घशाखाली उतरला असं म्हणवत नाही.

मी तिच्यासंगं बैलगाडीत बसले. रस्ता चिखलाचा. दर थोड्या वेळानं नळी लावून ठोके ऐकत होते. पाटाच्या पुलाजवळ ऐकले. त्यापुढं ऐकू आले नाहीत. तरी मी नळी लावतच राहिले. सांगलीला पोचेस्तोवर दुपार कलली होती. पोर वाचली, पण तिची पिशवी काढावी लागली.

घटस्थापनेला जीपच्या तोंडावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, चाकाखाली लिंबं ठेवली. डॉक्टरांनी हात जोडले. सभापती म्हणाले, "बाई, तुमी सवाष्ण, तुमीच ववाळा." मी ओवाळलं. मग गोरगरिबांच्या सेवेवर त्यांचं लांबलचक भाषण झालं आणि मी खोबऱ्याचं ताट घेऊन फिरू लागले.

गर्दीत त्या पोरीची सासू होती. सून अजून सांगलीलाच होती. म्हातारीनं माझा हात धरला, पुढं सरली आणि हळूच म्हणाली, "बरं झालं बाई, तवा ही गाडी काढली न्हाईसा. पैल्याच फेरीला आत मढं आलं असतं. पाप लागलं असतं आमाला."

ती मनापासून बोलत होती. मला सांगायचं होतं, म्हातारे, बैलगाडीत बसताना ते मढं नव्हतं. ते जिवंत होतं, मी माझ्या कानानं ऐकलं होतं, आणि तार जोडायला माणूस तयार उभा होता. सभापती हाताच्या अंतरावर होते.

"व्हय," मी म्हणाले.