पूजेला बसलेले रातकिडे

आमच्या घरी आयुधपूजेला सायकललासुद्धा झेंडूचा हार पडायचा, आणि माझ्या धंद्याला नाही. हे मी कितीतरी दसरे बघत होतो. पूर्वज म्हैसूरच्या फौजेत होते, त्यांची तलवार पाटावर मधोमध. शेजारी अण्णाचे पाने-पक्कड, वहिनीचं शिलाई मशीन. माझं नाव निघालं की थोरला भाऊ म्हणून अण्णाला हक्काचं हसू यायचं. "हुळांची कसली पूजा?" कन्नडात किड्याला हुळ म्हणतात, आणि आमच्या घरची मराठी निम्मी कन्नडच.

मी रातकिडे पाळतो. हौशी लोक घरात बिअर्डेड ड्रॅगन, गेको असले परदेशी सरडे ठेवतात, त्यांना जिवंत खाणं लागतं. म्हैसुरात बन्नीमंटपाजवळच्या आमच्या घराच्या गच्चीवर पत्र्याची खोली आहे, तिथे प्लॅस्टिकचे क्रेट. आत अंड्यांचे पुठ्ठे उभे करायचे, कोंडा आणि गाजराचे काप टाकायचे. कुणी शिकवलं नाही, कुणी भांडवल दिलं नाही. पुठ्ठ्यांच्या भावावरून मी असा भांडायचो की अंडीवाला मला लांबून बघून शटर अर्धं ओढायचा. मोठे, अंडी घालणारे किडे मी कधीच विकत नसे. ते गेले की सगळं मुळापासून.

त्या दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात माझा पारा चढला. "गच्चीचा पत्रा कुणाच्या कमाईतून बदलला, अण्णा? त्या धंद्याला एक फूल नाही?" अण्णा उठून बाहेर गेला. मला वाटलं, जिंकलो.

आयुधपूजेच्या सकाळी मी बसस्टँडवर पार्सल टाकून आलो. गच्चीवरची खोली रिकामी! धावत खाली आलो. देवघराशेजारी, तलवारीच्या रांगेत, माझे सगळे क्रेट. झाकणांच्या जाळीवर केळीची पानं, त्यावर हळदकुंकू, हार. दारंखिडक्या बंद आणि सांब्राणीच्या धुपाचा धूर एवढा की पलीकडची भिंत दिसेना. एकही किडा ओरडत नव्हता.

मी खिडकी उघडली आणि पहिल्या क्रेटला हात घातला.

"हलवू नको!" अण्णा गरजला. "पूजेला बसलेलं हत्यार उद्यापर्यंत हलवायचं नाही, ठाऊक नाही?"

"मरतील सगळे!"

"मग? तूच मागितलीस ना पूजा? हौदा, हो की नाही?"

अण्णाच्या अंगावर धावून जावंसं वाटलं. पण त्यात वेळ गेला असता, म्हणून मी सौद्यावर आलो. "किराणा दुकानात पूजा कशाची होते, अण्णा? तराजूची. तांदळाची नाही. क्रेट हे हत्यार. आतले किडे माल."

अण्णा विचारात पडला. नियमापुढे तो नेहमी नमतो. "बरं. माल काढ. हत्याराला धक्का लागता कामा नये."

पानं बाजूला केली, झाकणं उचलली आणि एकेक पुठ्ठा काढून बादलीत झटकू लागलो. ज्यांच्यात जीव होता ते बादलीत थांबतायत कशाला! मशीनवर, आरतीच्या ताटात, थेट तलवारीच्या मुठीवर. वहिनी स्टुलावर चढली. "अय्यो, पदरात गेला! ओ, भावजी, तुमचा माल आवरा!" किड्यांवर टाकायला अण्णा दोन्ही हातांत चादर धरून उभा होता, पण हत्यारांना धक्का लागेल म्हणून ती जराही खाली करत नव्हता. भिंतीवरच्या पाली ट्यूबलाइटमागून बाहेर आल्या आणि त्यांनी फुकट मेजवानी झोडली. माझी गिऱ्हाइकं त्याच घासासाठी माझ्याशी घासाघीस करतात!

बादलीत उरले ते बहुतेक लहान. अंडी घालणारे जवळजवळ सगळे पुठ्ठ्यांना चिकटूनच मेलेले.

दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, सोनं म्हणून बन्नीची, म्हणजे शमीची, पानं द्यायला नातेवाईक आले. मी कपाटाखाली पालथा पडून चिमटीनं किडे शोधत होतो. मामांनी विचारलं, हे काय चाललंय? अण्णा म्हणाला, "त्यालाच पूजा हवी होती."

सगळे हसले.

नवे किडे मी लांबून आणवले, त्यांची अंडी धरली, धंदा पुन्हा उभा राहिला. म्हैसुरात कुणाशीही भाव करताना मला शब्द कमी पडत नाहीत. पण कोंडा चाळताना अजूनही मी त्या एका वाक्याला उत्तरं जुळवत असतो. चांगली चांगली सुचतात. आणि अण्णाचं वाक्य खरं असल्यामुळे एकही टिकत नाही.