दादाचं वेगळं ताट

आमच्याकडं मेंढी आजारी पडली की तिला कळपातून काढून वेगळी बांधतात. पाण्याचं घमेलंही वेगळं. वडलांनी हे आम्हा दोघा भावांना लहानपणीच शिकवलं. यंदा मी तेच माझ्या मोठ्या भावाशी केलं.

दादाला तरुणपणापासून स्किझोफ्रेनिया आहे. गोळ्या वेळेवर घेतल्या की तो मेंढ्या राखतो, जेवतो, चेष्टाही करतो. एकदा गोरेगावच्या आठवडी बाजारात चहा पिताना मोबाईलवर पाहिलं की या आजाराचा माणसाच्या शरीरातल्या जुन्या विषाणूंशी संबंध सापडलाय. विषाणू म्हटल्यावर पुढचं मी ऐकलंच नाही. माझी मुलगी दादाच्या ताटात जेवून मोठी झाली होती. तो आजारी पडला, त्याच वयाची ती आता आहे.

घरी येऊन मी दादाचं ताट आणि पेला वेगळा केला. अंथरूण मेंढवाड्याशेजारच्या खोलीत टाकलं. तो उशी घेऊन मागोमाग आला.

मुलगी कॉलेजच्या सुट्टीत आली. मी तिच्याकडं चोरून बघायचो. ती एकटीच हसली तरी वाटायचं, हिलाही लागलं.

"बाबा, काहून असं बघून राहिले? शिंगं फुटली का मला?"

मी सांगून टाकलं. ती हसायला लागली, मग माझं तोंड बघून थांबली.

"ते लागत न्हाई बाबा. लाखो वर्षांमागं आपल्या पूर्वजांच्या अंगात विषाणू शिरले, त्यांचे तुकडे डीएनएत राहून गेले. तुमच्यात हायेत, माझ्यात हायेत, समद्यांत हायेत. त्यातल्या काहींचा या आजाराशी संबंध असंल, असं दिसून राहिलं. ताटातून येत न्हाईत ते."

"मंग तुला होणार न्हाई ना?"

"घरात कुणाला असलं तर धोका थोडा जास्त असतो. होईलच असं न्हाई. पण मोठ्या बाबांना काहून बाहेर काढलं तुमी?"

आम्ही दोघं मेंढवाड्याकडं गेलो. ती पुढं झाली तसा दादा उठून भिंतीला टेकला.

"जवळ येऊ नको माय. मला वेगळं बांधलंय."

मी त्याचा पेला उचलला आणि पाणी प्यायलो. त्यानं झडप घालून तो हिसकावला.

"येडा का काय तू? घरात लेकरू हाय. तुला लागलं म्हंजी?"