तिसरा गेज तिरपा

मला कुणी उगाच गप्प करायला गेलं की माझं डोकं फिरतं. बहुतेक वेळा मीच बरोबर निघतो, त्याला काय करणार?

दुसरी मोठी लढाई नुकतीच संपली होती. लोणावळ्याजवळच्या एका धरणावर मी इंजिनिअर होतो. मजुरांना चढणीवर न्यायला ट्रॉली होती. वरच्या टोकाला विंच दोर गुंडाळी, तशी ती वर चढे. माझी सख्खी मावशी त्याच ट्रॉलीतून रोज कामावर जायची.

विंचचा, दोराचं पिंप फिरवणारा दांडा कुरकुरू लागला, म्हणून ट्रॉली थांबवून नवीनच आलेले स्ट्रेन गेज काढले. कागदावर बसवलेली केसाएवढी तार. लोखंडाला डकवली की लोखंडाबरोबर तीही ताणली जाते आणि मीटरचा काटा हलतो. धरणाच्या मोठ्या साहेबांनी एक गेज दांड्याच्या लांबीत डकवला, दुसरा घेरात. त्यांचा जन्म बांधकामात गेलेला. ओळंब्याची उभी आणि पाणसळीची आडवी, तिसरी दिशा ठाऊक नाही. मग ट्रॉलीत दगड भरून ती चढणीवरच रोखायला विंचचा ब्रेक लावला. दोन्हींकडे काटा जेमतेम हलला.

"दांडा ठणठणीत आहे. सोमवारपासून माणसं बसू देत," साहेब म्हणाले.

मला असा संताप आला, की विचारू नका. "साहेब, दांडा पिळला जातोय. ओला पंचा पिळून बघा, पीळ तिरपाच पडतो. दोघांच्या बरोबर मध्ये तिसरा गेज तिरपा लावू द्या."

"हट्टच आहे का तुमचा?"

"आहे."

ट्रॉली रिकामी करून तो डकवला, वाळू दिला, पुन्हा दगड भरले. काटा सरकन पुढे गेला. तिन्ही आकड्यांवरून मी गणित मांडलं. सगळ्यात जास्त ताण तिरप्या दिशेत होता आणि तिला काटकोनात तेवढाच दाब. रोज रोज सोसायला तो दांड्याला फार होता. साहेबांनी गणित स्वतः पुन्हा केलं, चष्मा पुसला आणि ट्रॉली बंदच ठेवली. माणूस हेकट, पण सरळ.

नवा जाड दांडा येईपर्यंत मावशी चढण पायी चढली आणि येता-जाता मला शिव्या घालत राहिली. "तुज्या शानपनापायी माजं गुडगं गेलं बग." मी मनातून खूश होतो. शिव्या द्यायला ती धडधाकट होती ना.

नव्या दांड्यावर तिन्ही गेज लावून पाहिले, सगळं हिशेबात होतं. पहिल्या फेरीला मावशी ट्रॉलीत बसली. जरा सरकली आणि शेजारची जागा थोपटत म्हणाली, "तुजं आकडं मला न्हाई कळत. तू बस हितं."

मी बसलो.