पन्नासपट सावली

आमच्या भागातल्या कारखान्यांना सुट्टी गुरुवारी, शाळांना रविवारी. या एका कारणाने माझ्या हातून जे घडलं ते घडलं, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. मुलं त्या दिवशी घरी असती तर भोवरा त्यांच्या हातात असता, माझ्या नाही.

एकाहत्तर-बाहत्तरचा सुमार असेल. चिंचवडला स्टेशनच्या बाजूला एका बैठ्या चाळीत आम्ही राहत होतो. गुरुवारी भोंगा वाजत नसे. मुलं दप्तरं घेऊन गेली की चाळ रिकामी वाटायची, आणि त्या रिकामेपणात आम्ही आठ-दहा बापे ओट्यांवर बसून असायचो. ऊन पत्र्यांवरून हळूहळू सरकायचं. आठवडाभर यंत्रांच्या आवाजात राहिलेल्या कानांना ती शांतता खरी वाटत नसे. लांब कुठेतरी लेथ चालू आहे असा भास होत राही. अशा वेळी कुणीतरी आपल्या पोराचा भोवरा बाहेर काढायचा.

"पोरं शाळेत आणि बाप अंगणात," माझी बायको तांदूळ निवडता निवडता म्हणायची. "संध्याकाळी पोरं आली की त्यांना कामाला पाठवा, म्हणजे झालं."

भोवरे चाचांकडचे असत. आकुर्डीच्या रस्त्याला त्यांची एका लेथची शेड होती. चाचा मूळचे चाकणकडचे. दिवसभर ते कंपन्यांचे बोल्ट कातायचे आणि ॲल्युमिनियमच्या दांड्यांचे जे तुकडे उरत त्यांचे संध्याकाळी भोवरे करायचे. त्यांच्या भोवऱ्याला खाली खिळ्याची आर नसे. तिथे त्यांनी बेअरिंगमधली बाद झालेली गोळी बसवलेली असे, गुळगुळीत. भोवरा देण्याआधी ते तो स्वतःच्या तळहातावर फिरवून बघत. गुदगुल्या झाल्या तर पास, टोचलं तर परत लेथवर.

"पोराच्या पायावर पडायचा हाय त्यो," ते म्हणायचे. "आधी माज्या हातावर पडू द्या."

मी एका मोठ्या कंपनीत इन्स्पेक्शन खात्यात होतो. गेज नावाच्या मापयंत्रांनी केसाच्या जाडीइतकी चूक पकडायची हे माझं काम, आणि त्याचा मला फार अभिमान. मी एकदा त्यांना विचारलं, "चाचा, तुमच्या हाताची तपासणी शेवटची कधी झाली?"

"साहेब, टोचलं तर तुमच्या गेजला कदी रडू येतं का?" ते म्हणाले आणि हातातला भोवरा फिरतच राहिला.

चांगला भोवरा फिरता फिरता एका क्षणी जागच्या जागी थिजतो. फिरतोय हे कळत नाही, नुसता बारीक गुणगुणत उभा राहतो. आम्ही म्हणायचो, झोपला. कुणाचा भोवरा जास्त वेळ झोपतो यावर आमच्या दुपारच्या दुपार जायच्या. एकजण मनगटी घड्याळ लावून बसायचा. बाकीचे इतके गप्प की शेजारच्या घरातली फोडणी ऐकू यायची. त्या झोपलेल्या भोवऱ्याकडे बघताना मला जे वाटायचं ते मला नीट सांगता येत नाही. जणू आठवडाभर फिरणारं सगळं काही, बेल्ट, चाकं, आम्ही स्वतः, त्या एका ठिकाणी येऊन थांबलंय.

माझ्या मुलाचा भोवरा सगळ्यांत आधी पडायचा. मला ते खुपत होतं. गोळीचा भाग जमिनीला जास्त टेकतो म्हणून वेग लवकर मरतो, टोक बारीक केलं तर भोवरा जास्त झोपेल, असा मी हिशोब मांडला. एका बुधवारी भोवरा डब्याच्या पिशवीतून कंपनीत नेला आणि जेवणाच्या सुट्टीत ग्राइंडरवर गोळी घासून तिला टोक काढलं. दोन मिनिटांचं काम. ठिणग्या उडाल्या, मी टोकावरून अंगठा फिरवला आणि मला खूप बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी भोवरा सगळ्यांपेक्षा जास्त झोपला. मित्रांनी टाळ्या वाजवल्या. "काय केलंस रे याला, जादू?" एकाने विचारलं. मी हसलो, सांगितलं नाही. पुन्हा जाळी, म्हणजे भोवऱ्याची दोरी, गुंडाळली, पुन्हा फेकला. या खेपेला जाळी बोटात अडकली. भोवरा फरशीवर आपटून तिरका उडाला आणि समोरच्या दारात बसलेल्या शेजाऱ्यांच्या मुलीच्या भुवईवर लागला. ती पाच वर्षांची होती, तापातून उठली होती म्हणून शाळेला गेली नव्हती.

तिची आई धावत आली. तिने पोरीला उचललं, पदराचा बोळा करून तिच्या कपाळावर आणि डोळ्यांवर घट्ट दाबला आणि तशीच दवाखान्याकडे पळाली. मी मागे. वाटभर पोरगी त्या पदराखाली हुंदके देत होती. भुवईला तीन टाके पडले. डोळ्याला काही नव्हतं. डॉक्टरांनी दोनदा बॅटरी मारून बघितलं. तिची आई मला म्हणाली, "भावजी, तुम्ही मुद्दाम थोडंच मारलंत?" मी रडलो. पण टोकाचं बोललो नाही. भोवरा खिशात होता आणि चालताना मांडीला टोचत होता.

आमच्या चाळीच्या टोकाला एक गृहस्थ साप्ताहिक काढायचे. बातमी तेच लिहायचे, छपाईचे खिळे तेच जुळवायचे, पायाने यंत्र चालवून छापायचेही तेच. संध्याकाळी ते माझ्याकडे आले.

"तीन टाके," मी सांगितलं.

"तीन टाक्यांची बातमी होते का हो? डोळ्याचं काय?"

"डोळा बरा आहे."

"बरा आहे, म्हणजे धोका होता. 'बालिकेने डोळा गमावला?' असं टाकतो. पुढे प्रश्नचिन्ह. प्रश्नचिन्हावर कोण भांडायला येतो?" मग जरा खाली वाकून म्हणाले, "तुमचं नाव घालत नाही. मोठा माणूस भोवरा खेळत होता हे वाचायला बरं दिसत नाही. 'खेळता खेळता' एवढंच लिहितो."

मी त्यांना चहा दिला. खरं तर मी त्यांचे आभार मानले.

अंक आला तेव्हा गल्लीत पळापळ झाली. पुढच्या अंकात पत्रं आली. कुणी लिहिलं, धातूच्या खेळण्यांवर बंदी घाला. कुणी लिहिलं, आमच्या वेळी लाकडी खेळणी होती आणि मुलं आज्ञाधारक होती. शेवटी शाळेच्या हॉलमध्ये सभा ठरली. नगरपालिकेचे दोन सभासद येणार होते. संपादकांनी मला गाठलं. "तुम्ही इन्स्पेक्टर. त्या भोवऱ्याची शास्त्रीय तपासणी करून द्या. तुमच्या शब्दाला वजन आहे."

आमच्या खात्यात एक यंत्र होतं. त्यात वस्तू ठेवली की दिव्यापुढची तिची सावली पन्नासपट मोठी होऊन काचेच्या पडद्यावर पडे. अंधारी खोली, हिरवट उजेड, आणि त्या उजेडात एखाद्या स्क्रूचे आटे डोंगररांगेसारखे दिसायचे. मला ती खोली फार आवडायची. तिथे गेलं की स्वप्नात शिरल्यासारखं वाटे. त्या यंत्रात मी भोवरा ठेवला. टोक पडद्यावर आलं तेव्हा मी मागे सरकलो. भाला होता तो. ग्राइंडरचे ओरखडेसुद्धा दिसत होते, करवतीच्या दातांसारखे. मी कागद लावून पेन्सिलीने ती सावली उतरवून घेतली. ओरखडे सोडून दिले, रेघ सरळ काढली. खाली कोपऱ्यात लिहिलं, पन्नासपट. सही केली.

त्या कागदावर एक शब्दही खोटा नव्हता. हेच मी पुढे अकरा वर्षं घोकत राहिलो.

संपादकांनी चित्राचा ठोकळा करून ते पहिल्या पानावर छापलं. ठोकळा करताना 'पन्नासपट' लिहिलेला कोपरा कापला गेला. त्यांनी कापला की जागेअभावी गेला, मी विचारलं नाही.

सभेला हॉल भरला होता. एक निवृत्त मास्तर उठून म्हणाले, "उद्या विळीवर बंदी घालाल, परवा झोपाळ्यावर. पोरांना कापसात गुंडाळून ठेवायचंय का?" मागून कुणीतरी ओरडलं, "मास्तर, तुमच्या छडीवर आधी घाला बंदी!" सगळे हसले. मग कुणीतरी अंक उंच धरला आणि हसणं थांबलं.

चाचा मागे उभे होते. त्यांना पुढे बोलावलं. ते म्हणाले, "माज्या भोवऱ्याला टोक नसतंय. गोळी असती. ह्यो बघा." खिशातून एक भोवरा काढून त्यांनी तळहातावर फिरवला. भोवरा झोपला. पण पुढच्या दोन रांगा सोडल्या तर तो कुणाला दिसतच नव्हता, एवढासा. चित्र मात्र सगळ्यांना दिसत होतं.

"मग हे काय आहे?" सभासदांनी अंक त्यांच्यापुढे केला.

चाचांनी चित्र बघितलं. बराच वेळ. मग मान वर करून त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी पहिल्या रांगेत, इस्त्रीचा शर्ट घालून बसलो होतो. आता ते बोलणार, असं मला वाटलं. कंपनीच्या ग्राइंडरवर घरचं काम म्हणजे सरळ मेमो, कदाचित नोकरीही. पण चाचा काहीच बोलले नाहीत. त्यांनी फिरणारा भोवरा मुठीत धरून थांबवला आणि खिशात टाकला.

त्यानंतर बाजारात त्यांचे भोवरे विकायला बंदी आली. लेखी हुकूम नव्हता. तोंडी सांगितलं गेलं, आणि तेवढं पुरलं. बायका मुलांना त्या शेडसमोरून नेताना हात घट्ट धरायला लागल्या. चाचा बोल्ट कातत राहिले. मी आकुर्डीला जायला दुसरा रस्ता धरला.

या जूनमध्ये शेजाऱ्यांची तीच मुलगी दहावी पास झाल्याचे पेढे घेऊन आमच्याकडे आली. माझे मेहुणे आलेले होते. भुवईवरची खूण बघून त्यांनी विचारलं तेव्हा ती उत्साहाने सांगायला लागली, "अहो, माझा डोळाच जाणार होता! दीड महिना पट्टी होती. काही दिसायचं नाही, नुसता अंधार. भाल्यासारखं टोक होतं त्याला. हो ना काका?"

ती खोटं बोलत नव्हती. तिच्या वडिलांनी तो अंक जपून ठेवला होता, तो वाचत ती मोठी झाली होती. ती माझ्याकडे बघत होती.

"हो," मी म्हणालो.

त्या 'हो'ने मला झोपू दिलं नाही. गुरुवारी सकाळी कपाटाच्या तळातून भोवरा काढला आणि जुन्या रस्त्याने चाचांच्या शेडवर गेलो. ते थकले होते, लेथ आता त्यांचा मुलगा चालवत होता. मी भोवरा पुढे केला. म्हणालो, "चाचा, टोक मी काढलं होतं. ग्राइंडरवर."

"व्हय," ते म्हणाले. "मी बसवल्याली गोळी मला वळखू येत न्हाई व्हय?"

"मग सभेत का नाही बोललात?"

"तुमी बोलाल असं वाटलं. तुमी शिकल्याली माणसं. पुढं दोन-तीन गुरुवार वाट बगितली, आज येतील, उद्या येतील. मग सोडलं." त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि माफीही नव्हती. "हात पसरा, साहेब."

मी हात पुढे केला. त्यांनी जाळी न लावता, नुसत्या बोटांनी भोवरा माझ्या तळहातावर फिरवला. टोक कातडीत शिरायला लागलं. मी हात मागे घेतला नाही.

"टोचतंय?"

"हो."

"मग पास न्हाई," ते म्हणाले आणि भोवरा उचलून मला परत दिला. "मला काय सांगताय राव? मला म्हाईतच हाय. त्या पोरीला सांगा."

संध्याकाळी मी समोरच्या घरी गेलो. मुलगी ओट्यावर बसली होती, तिच्या आईने आतून चहाला विचारलं. मी सगळं सांगितलं, अडखळत, मध्येच थांबत. मुलीने भोवरा हातात घेतला, टोकावर बोट ठेवलं.

"एवढंसंच?" ती म्हणाली. "मला वाटायचं केवढं असेल."

"पन्नासपट होतं ते चित्र. खाली लिहिलं होतं मी."

ती बराच वेळ भोवरा उलटासुलटा करत राहिली. मग हळूच म्हणाली, "पण काका, अंधार होता. तो मला आठवतो. तो पेपरातला नाही. काळा नाही, हिरवा हिरवा अंधार, आणि त्याला वास होता."

मी तिच्या आईकडे बघितलं. ती दारात कप घेऊन उभी होती.

"पदर," मी म्हणालो. "तुझ्या आईने डोळ्यांवर दाबला होता, दवाखान्यापर्यंत. लुगडं हिरवं होतं."

"हिरवंच होतं," आई म्हणाली. "फोडणी टाकत होते मी तेव्हा."

मुलीने डोळे मिटले आणि ती तशीच बसून राहिली. डोळे उघडल्यावर तिने भोवरा माझ्याकडे परत दिला नाही, स्वतःच्या मुठीत ठेवला.

"त्या चाचांची शेड कुठे आहे?" तिने विचारलं. "माझ्याबरोबर याल? त्यांना सांगायचंय, डोळा शाबूत आहे म्हणून. आणि याची गोळी परत बसवून मागू."

मी म्हणालो, येतो. तिचं कॉलेज सुरू होतंय; तिला रविवारी सुट्टी, मला गुरुवारी. मी रविवारची रजा टाकली आहे.