लाल रेघेच्या खाली

आमच्या घरात तिकीट वाचवायचं शिक्षण आईकडून मुलीकडे येतं. लहानपणी विठ्ठलवाडी डेपोतून मुरबाडच्या गाडीत बसलो की आई मला मांडीवर घ्यायची, माझे पाय पदराखाली दाबायची आणि कंडक्टरला सांगायची, "पाचवं लागायचंय अजून." मी सात वर्षांची होईपर्यंत मला पाचवं लागत होतं. एकदा मी तोऱ्यात खरं वय सांगून टाकलं, तर मांडीला असा चिमटा बसला की मुरबाड येईपर्यंत हुळहुळत होता. तेव्हा आईचा भयंकर राग आला होता. पण विद्या मात्र मी पुरती उचलली.

दोन वर्षांपूर्वी आम्ही हायवेवरच्या त्या मोठ्या पार्कची दोन दिवसांची तिकिटं काढली होती, दोन मोठ्यांची आणि एक लहान मुलाचं. पहिला दिवस झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी डबे भरून तयार, तोच नवऱ्याला अंबरनाथच्या फॅक्टरीतून फोन आला. प्लांट बंद पडला होता. तो तिकडे पळाला आणि आम्ही मायलेकींनी डबे घरीच खाल्ले. तिकिटांच्या एका कोपऱ्याला पहिल्या दिवसाचं भोक पडलं होतं, दुसरा कोपरा कोरा होता. मुदत कुठेच छापलेली नव्हती. मी तिन्ही तिकिटं उलटसुलट करून पाहिली आणि फ्लॅटच्या कागदपत्रांच्या फाइलीत ठेवून दिली.

त्या पहिल्या दिवसातलं लेकीच्या मनात एकच राहिलं. तिथली सगळ्यात उंच राइड. राइडच्या तोंडाशी एक खांब आहे, त्यावर लाल रेघ, आणि जो रेघेच्या खाली तो राइडच्या बाहेर. लेक दोन बोटं कमी पडली. तिथे रडली नाही, पण घरी आल्यावर तिनं बेडरूमच्या दाराच्या चौकटीवर पेन्सिलीनं ती रेघ ओढली आणि दुसऱ्या दिवसापासून पॅसेजमधल्या दांडीला लोंबकळायला लागली. कुणीतरी शाळेत सांगितलं होतं की त्यानं उंची वाढते. रोज सकाळी, शाळेच्या आधी, दात ओठात रुतवून. आमच्या हेंद्रेपाड्यातल्या त्या दोन खोल्यांत दूध उकळायचा आणि दांडी कुरकुरायचा आवाज एकदमच यायचा. यंदा मे महिन्यात ती चौकटीवरच्या रेघेच्या चांगली वर गेली आणि मी फाइल काढली.

तसाच खांब आणि तीच रेघ गेटवरही आहे, हे मला ठाऊक होतं. रेघेच्या खाली लहान मुलाचं तिकीट, वर मोठ्याचं. म्हणूनच मी त्या दिवशी तिला माझा सैल पलाझो घालायला लावला. कारण सांगितलं, ऊन फार आहे.

रांगेत नवरा माझ्या कानाशी आला. "अगं, हिचं नवीन काढू या ना. उगाच कशाला?"

"तुम्ही गप्प बसा हो," मी म्हटलं. "अख्खा दिवस बाकी आहे यावर."

पुढची माणसं पटापट आत जात होती. मागे उल्हासनगरची एक सिंधी बाई होती, सोबत केवढा तरी गोतावळा. तिनं लेकीकडे कौतुकानं पाहिलं आणि मोठ्यानं म्हणाली, "कितनी लंबी हो गई है बच्ची! कौनसी क्लास में है?" मी हसले. त्या घडीला मला तिच्या तोंडावर हात ठेवावासा वाटला.

गेटवरच्या मुलीनं तिकिटं हातात घेतली, उन्हाकडे धरली आणि साहेबांना बोलावलं. साहेब आले. त्यांनी भोक पाहिलं, कोरा कोपरा पाहिला, मागची बाजू पाहिली. रांग थांबली. "हे जुनं छापील आहे, मॅडम. आता सगळं मोबाइलवर असतं."

"मुदत लिहिलेली नाही कुठे," मी म्हटलं. घरी आरशासमोर म्हणून पाहिलेलं वाक्य होतं ते.

त्यांनी थांबलेल्या रांगेकडे पाहिलं. मग म्हणाले, "ठीक आहे. दोन मोठे, एक लहान." आणि लेकीकडे वळले. "बेटा, जरा खांबाशी उभी राहा."

मी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि दाबला. ओठ न हलवता म्हटलं, "गुडघे."

तिनं माझ्याकडे पाहिलं. समजायला तिला फार वेळ लागला नाही, तशी ती हुशार आहे. पलाझोच्या आत गुडघे वाकले आणि तिचं डोकं रेघेच्या खाली आलं. दोन वर्षं लोंबकळून मिळवलेलं सगळं माझ्या तळहाताखाली गेलं. साहेबांनी मान हलवली. गेटवरच्या मुलीनं आमच्या दोघांच्या मनगटाला हिरवे पट्टे बांधले आणि लेकीच्या मनगटाला पिवळा. मागच्या वेळी हे पट्टे नव्हते. मला वाटलं, असेल काहीतरी नवीन पद्धत. जमलं म्हणून मी इतकी हवेत होते की नवऱ्याला टाळी मागितली. त्यानं दिली नाही.

ती धावत त्या राइडपाशी गेली. रांग लांबलचक होती, वर घिरट्या घेणाऱ्यांच्या किंकाळ्या ऐकत आम्ही सरकत होतो. नंबर आला तशी ती आपणहून खांबाला टेकली, टाचा जोडून, मान ताठ. रेघ कपाळाच्या मध्यावर. राइडवरची बाई हसून म्हणाली, "शाब्बास!" आणि मग तिचं लक्ष मनगटाकडे गेलं.

"पिवळा पट्टा? पिवळ्याला ही राइड नाही चालत."

"पण ती बसते ना उंचीत," मी म्हटलं.

"मॅडम, माझ्या हातात काही नाही, मला पट्टा बघायला सांगितलंय." ती लेकीकडे वाकली. "गेटवर मोजलं नाही का तुला?"

"मोजलं," लेक म्हणाली.

एवढंच. माझं नाव घेतलं नाही, माझ्याकडे पाहिलंही नाही. पट्ट्याखाली बोट घालून तो ओढत राहिली, पण ते पट्टे कापल्याशिवाय निघत नाहीत. मांडीला चिमटा बसल्यावर मी निदान आईवर चिडले तरी होते. ही चिडतही नव्हती. मला स्वतःची मनापासून लाज वाटली.

मी तिचा हात धरला आणि भर उन्हात मागे फिरून गेटवर आले. साहेब तिथेच होते. मागे रांग होतीच. सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं मी म्हटलं, "मघाशी मी हिला गुडघे वाकवायला सांगितलं. चूक माझी आहे. हिचं मोठ्याचं तिकीट काढते, हिला पुन्हा मोजा."

साहेबांनी मला काही सुनावलं असतं तर बरं वाटलं असतं. त्यांनी फक्त खांबाकडे बोट दाखवलं.

लेक खांबाशी गेली. पाठ टेकली. आणि तशीच अर्धवट थांबून, गुडघे धड वाकलेले नाहीत, धड सरळ नाहीत, तिनं माझ्याकडे पाहिलं.

"आई," ती हळूच म्हणाली, "आता कशी उभी राहू?"